टप उघडण्याआधी लाकूड तपासा

१९४६ साली इंग्लंडमधल्या क्रू गावच्या कारखान्यातून बेंटली मार्क सिक्स बाहेर पडू लागली आणि या घराण्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला कारखान्यातूनच बॉडीसकट तयार गाडी मिळू लागली. तोवर कंपनी फक्त चालती चॅसिस विकायची. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, पुढची जाळी एवढा ऐवज कंपनीचा. त्यावर बॉडी चढवण्याचं काम गिऱ्हाइकाने निवडलेल्या कोचबिल्डरचं. मार्क सिक्सची कारखान्यातली बॉडी पोलादी, चार दारांची, पक्क्या छताची होती. ज्याला उघड्या टपाची गाडी हवी होती, त्याला जुन्याच वाटेने जावं लागे. चॅसिस घ्यायची आणि ती लंडनच्या विल्सडेनमध्ये पार्क वॉर्डकडे, चिझिकला एच. जे. मलिनरकडे किंवा ब्रॉमलीच्या जेम्स यंगकडे पाठवायची. काही चॅसिस पॅरिसला फ्रानेकडे गेल्या, काही स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या विख्ट्राख गावी ग्राबरकडे. हाताने बांधलेल्या या उघड्या गाड्या म्हणजे ड्रॉपहेड कूपे. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा, आतून अस्तर लावलेला जाड कापडी टप. बंद केला की पक्क्या छताच्या गाडीइतकी ऊब, उघडला की वर नुसतं आभाळ.

अशी एखादी गाडी तुमच्यापुढे येऊ शकते. मुंबई-पुण्यात एखाद्या घराण्याच्या गॅरेजात ती वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली असते आणि वारस विकायचं म्हणतात. इंग्लंडात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाला निवृत्तीनंतर असा शौक करावासा वाटतो. किंवा गाडी वडिलार्जित असते आणि आता तिचं करायचं काय, हा प्रश्न पडतो. या तिघांनाही माझा सल्ला एकच आहे. आधी बॉडी पाहा, मग कागद, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. पाहायला गेलेला माणूस नेमकं उलटं करतो. बोनेट उघडतो, इंजिन सुरू करायला सांगतो, ते गुरगुरलं की खूश होतो आणि रंगाची चकाकी पाहून सौदा करून मोकळा होतो.

इंजिन शेवटी ठेवायचं कारण साधं आहे. मार्क सिक्स पाच हजारांवर बनल्या. त्याच कुळातलं इंजिन, तेव्हा बेंटलीची मालक असलेल्या रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर रेथ आणि सिल्व्हर डॉनमध्येही होतं. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट असले भाग इंग्लंडातले जाणकार विक्रेते आजही पुरवतात. पैसे मोजले की इंजिन उभं राहतं. पण टपाची मागची कमान, दाराच्या काचेची चौकट, डिकीच्या झाकणाचा बाक या वस्तू त्या एका गाडीपुरत्या, फार तर त्या नमुन्याच्या मोजक्या गाड्यांपुरत्या घडवलेल्या असतात. त्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. मोडल्या तर कारागिराला नव्याने घडवाव्या लागतात आणि त्याला तासांच्या हिशेबाने पैसे द्यावे लागतात. गाडी जितकी दुर्मीळ, तितका हा खर्च मोठा. विकणारा ‘जगात अशी एकच आहे’ म्हणतो तेव्हा तो किंमत वाढवत असतो. तुम्ही त्याच वाक्यावरून दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज बांधायचा.

पत्र्याच्या आत काय आहे

अशा बहुतेक गाड्यांच्या पत्र्याआड लाकडाचा सांगाडा असतो. इंग्लंडात त्यासाठी ॲश झाडाचं लाकूड वापरत. त्याचे दोरे सरळ असतात, त्याला लवचीकपणा आहे, वाफ देऊन ते वाकवता येतं आणि स्क्रू घट्ट धरून ठेवतं. सुतार खांब, उंबरे, चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या चौकटी कापून, सांधून, सरस आणि स्क्रूंनी पक्क्या करी. मग पत्रेवाला हातोडी आणि रोलरच्या चाकावर ॲल्युमिनियमचा पत्रा घडवून त्यावर चढवी आणि कडा लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकी. सगळ्याच कोचबिल्डरांची रीत मात्र एक नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच काहींनी धातूचा सांगाडा वापरायला सुरुवात केली होती, काहींच्या गाड्यांत लाकूड आणि धातू दोन्ही मिळून काम करतात. म्हणून गाडी पाहायला जाण्याआधीच विचारून ठेवा, ही बॉडी कोणाची आणि सांगाडा कशाचा. मालकाला हे माहीत नसेल, तर गाडीचं काम करणाऱ्या मेस्त्रीला विचारा. दोघांनाही माहीत नसेल तर समजा, आत आजवर कोणी डोकावलेलं नाही.

चॅसिस एका देशाची आणि बॉडी दुसऱ्याची, असंही घडे. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांची १९३६ च्या सुमाराची ड्यूसेनबर्ग एसजे याचं ठळक उदाहरण. चॅसिस अमेरिकेची आणि वरची उघडी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. ती रेखाटणारे ए. एफ. मॅकनील पुढे जेम्स यंगकडे गेले. मार्क सिक्सवरच्या जेम्स यंगच्या बॉड्या ज्या हाताखाली आकाराला आल्या, त्याच हाताने आधी एका मराठी राजाची गाडी रेखाटली होती. जेम्स यंगची एखादी बॉडी नीट निरखायची संधी मिळाली, तर मडगार्डच्या रेषेवर जरा वेळ थांबा.

दारापासून सुरुवात

पक्क्या छताच्या गाडीत छत हेच चारही खांबांना एकत्र बांधून ठेवतं. उघड्या गाडीत तो आधार नाही. सगळा भार खालच्या उंबऱ्यावर आणि खांबांच्या बुडांवर येतो. त्यामुळे बॉडीत जे काही बिघडलं असेल ते सगळ्यांत आधी दारांत दिसतं.

टप बंद ठेवून आधी गाडीपासून चार-पाच पावलं मागे उभे राहा. दाराच्या चारही बाजूंची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहा. मागच्या बाजूची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर दार मागे झुकलंय. आता दार अर्धं उघडा, कुलपाकडची कडा दोन्ही हातांनी धरा आणि हलकेच वर उचला. नजर दारावर नको, बिजागरीवर ठेवा. दार बिजागरीच्या पिनेभोवती हललं तर पिन झिजली आहे. ते काम एका दुपारचं. पण दाराबरोबर बिजागरी आणि तिच्यामागचा खांबही किंचित हलला, तर खांबाच्या बुडाचं लाकूड गेलंय. तिथवर पोहोचायला पुढचं मडगार्ड काढावं लागतं, पत्र्याच्या दुमडलेल्या कडा उकलाव्या लागतात, आतलं चामडं आणि पॅनेल उतरवावं लागतं. लाकडाचा तुकडा हातभर, पण काम महिनोन् महिन्यांचं. दार हलकेच लोटल्यावर ते आपोआप लागून दोन टप्प्यांत खटका बसायला हवा. आपटावं लागत असेल तर कारण शोधा.

मग मालकाच्या परवानगीने मागचं एक चाक जॅकने थोडं उचलायला सांगा. जॅक चॅसिसखाली लावायचा, बॉडीखाली कधीच नाही. त्या काळच्या चॅसिस थोड्या पिळवटतातच, त्यामुळे फट जराशी बदलली तर घाबरू नका. पण दार अडकलं, उघडेनासं झालं किंवा खाली येऊन उंबऱ्याला घासू लागलं, तर सांगाड्यात जीव उरलेला नाही. मालक जॅक लावू देत नसेल तर कारण विचारा आणि उत्तर ध्यानात ठेवा.

यानंतर खाली वाका. गालिचा उचला, त्याखालचा नमद्याचा थर हाताने चाचपा. ओलसर लागतंय का, कुबट वास येतोय का ते पाहा. मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, टपाची घडी जिथे जाऊन बसते तो मागचा खण आणि दारांच्या चौकटींचं खालचं लाकूड, या चार जागी पाणी साचतं. लाकूड उघडं दिसत असेल तिथे बोथट दाभणाने हळूच दाबून पाहा. निरोगी ॲशवर टोक थांबतं. कुजलेल्यात ते रुततं. लोखंडी स्क्रूंभोवतीचं लाकूड काळं पडलेलं दिसलं तर स्क्रूचा गंज लाकूड खातोय. असा स्क्रू पिळला की नुसता फिरत राहतो, पकडत नाही.

आपल्या हवेत आणखी एक शत्रू आहे, वाळवी. जुन्या वाड्याची तुळई बाहेरून रंगवलेली, धडधाकट दिसते आणि आतून पोकळ असते, तसंच या गाड्यांचं होतं. पत्रा आणि चामडं दोन्ही शाबूत आणि मधला खांब भुगा. गाडी बरीच वर्षं जमिनीवर, मातीच्या भिंतीला लागून उभी असेल तर ही तपासणी टाळूच नका. पॅनेलच्या कडांतून बारीक भुसा किंवा मातीच्या रेषा दिसतायत का ते पाहा आणि लाकडावर बोटाच्या गाठीने टकटक करून आवाज ऐका.

भारतात दुरुस्त केलेल्या गाड्यांमध्ये ॲशच्या जागी सागवान घातलेलं आढळतं. ॲश इथे सहजी मिळत नाही, सागवान मिळतं आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. मला ते वावगं वाटत नाही, पण दोन गोष्टी तपासा. सागवानात तेल असतं. सांधा जोडण्याआधी तो भाग पुसून तेल काढलं नसेल तर सरस नीट धरत नाही आणि काही वर्षांत सांधे सुटतात. दुसरं म्हणजे कारागिराने जुन्या तुकड्याची जाडी आणि वळण तंतोतंत उतरवलंय, की सोयीने चौकोनी दांडके बसवलेत? दांडके बसवले असतील तर पत्र्याची मूळ वळणंही बदललेली असतात.

पत्र्यासाठी खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. त्याला पातळ कापड गुंडाळा, नाहीतर रंगावर ओरखडा जाईल आणि भांडण होईल. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण मडगार्ड पोलादी असतील तर ते तिथे सारख्याच जोराने चिकटायला हवं. मध्येच सुटत असेल तर तिथे जाड पुट्टी आहे. ॲल्युमिनियमच्या भागांवर पुट्टी शोधायला तिरक्या उजेडात पत्र्यालगत डोळा नेऊन पाहा. जिथे प्रतिबिंब लाटेसारखं वाकतं तिथे खाली काहीतरी भरलंय. जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं, रंगाला फोड येतात, खाली पांढरी पूड दिसते. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथली खारी हवा हे काम फार लवकर करते.

टप

टप मालकालाच उघडायला आणि बंद करायला सांगा, स्वतः हात लावू नका. नीट राखलेला टप माहीतगार माणूस पाच-सात मिनिटांत, फारशी ओढाताण न करता घडी घालतो. पुढच्या खिट्या सुटतात, पुढची आडवी लाकडी पट्टी उचलली जाते, कमानी एकामागून एक मागे जातात, मधलं कापड हाताने आत ओढून घ्यावं लागतं म्हणजे ते कमानींत चिमटत नाही. काही बॉड्यांवर टप अर्धा दुमडून नुसत्या पुढच्या सीटांवरचं आभाळ मोकळं करता येतं. काहींना विजेवर चालणारी यंत्रणा असते. बंद करताना पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर आपली आपण बसायला हवी. दोघांनी लोंबकळून खिटी लावावी लागत असेल तर एकतर कापड आकसलंय किंवा सांगाडा पसरलाय. त्या पुढच्या पट्टीचं लाकूडही आधी कुजतं, कारण काचेवरचं पाणी तिथेच जातं. खालच्या बाजूचं अस्तर जरा सैल करून ती पाहू द्या असं सांगा.

मूळ टपात बाहेर मोहेर किंवा जाड सुती कापड, मध्ये भरणी आणि आत लोकरी अस्तर असे थर असतात. त्यामुळेच बंद गाडीत शांतता असते आणि कमानींच्या हाडकुळ्या रेषा वरून दिसत नाहीत. स्वस्तात नवा केलेला टप एकेरी प्लास्टिकचा असतो, त्यावर प्रत्येक कमान उठून दिसते. काम नव्याने करून घ्यायचं असेल तर जुनं कापड फाडून फेकू देऊ नका. त्याच्याच तुकड्यांवरून नवं बेतलं जातं.

शेवटी टप आणि काचा बंद करून बागेच्या पाइपने दहा मिनिटं पाणी मारायची परवानगी मागा. एखाद-दुसरा थेंब आला तर हरकत नाही, अशा गाड्या पूर्ण कोरड्या राहतच नाहीत. पाणी कुठून येतंय यापेक्षा आत आल्यावर कुठे जातंय ते पाहणं महत्त्वाचं. बॉडीत पाणी बाहेर जायच्या नळ्या असतात. त्या धुळीने बुजल्या की पाणी थेट उंबऱ्याच्या लाकडात मुरतं. अशी गाडी तुमच्या दारात आली तर पहिलं काम या नळ्या साफ करायचं.

खरी की कापलेली

युद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती आणि मिळे तेही फारसं चांगलं नव्हतं. मार्क सिक्सच्या कारखान्यातल्या पोलादी बॉड्या भराभर गंजल्या. पण खालची चॅसिस आणि इंजिन मजबूत. मग पुढच्या दशकांत अनेकांनी सडलेल्या बॉड्या उतरवल्या आणि त्या चॅसिसवर नव्या उघड्या बॉड्या बांधल्या. काहींनी पक्क्या छताच्या गाडीचं छत कापून टप बसवला. यातल्या काही गाड्या देखण्या आहेत, चालवायलाही मजेदार. त्या घ्यायला माझी ना नाही. पण त्यांची किंमत १९४८ साली पार्क वॉर्डने बांधलेल्या ड्रॉपहेडची नव्हे, आणि विकणारा ते स्पष्ट सांगेलच असं नाही.

म्हणून कागद. मार्क सिक्सचा चॅसिस नंबर ‘बी’ अक्षराने सुरू होतो, मग आकडा, मग दोन अक्षरं. तो इंजिनमागच्या भिंतीवरच्या पट्टीवर असतो आणि चॅसिसवरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळायला हवेत आणि आरसी बुकातही तोच हवा. आपल्याकडे जुन्या आरसी बुकांत एखादं अक्षर चुकलेलं सापडतं. सौदा होण्याआधीच ते आरटीओत दुरुस्त करून घ्यायला मालकाला सांगा. नंतर ते तुमच्या गळ्यात येतं.

प्रत्येक चॅसिसचं नोंदकार्ड कंपनीने ठेवलं होतं. गाडी कोणी मागवली, बॉडी कोणत्या कोचबिल्डरची, कोणत्या प्रकारची, ताबा कधी दिला, हे त्यावर असतं. रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावच्या हंट हाउसमध्ये ही कागदपत्रं जपलेली आहेत आणि त्यांच्या प्रती मागवता येतात. विसार देण्याआधी ही प्रत हातात असू द्या. कार्डावर पक्क्या छताची पोलादी बॉडी लिहिलेली असेल आणि समोर टप असेल, तर पुढची बोलणी त्या हिशेबाने करा.

गाडीतही पुरावे असतात. उंबऱ्यावर कोचबिल्डरची पट्टी असते, पण नुसत्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, तिला दोन स्क्रू असतात. कोचबिल्डर आपला बॉडी नंबर लाकडावर, दाराच्या आतल्या पॅनेलच्या पाठीवर, सीटच्या चौकटीवर खडूने लिहीत किंवा ठोकत. एकाच नंबराचे तीन-चार तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी सापडले, तर त्या बॉडीचे ते भाग पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत. मला स्वतःला चकचकीत क्रोमपेक्षा पॅनेलमागचा खडूचा आकडा पाहून जास्त आनंद होतो.

भारतात हा प्रश्न हौसेपुरता नाही, कायद्याचाही आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असता कामा नये. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. छत कापून टप बसवलेली गाडी ‘मूळ रूपात’ आहे हे पटवणं कठीण, हे सौद्याआधीच लक्षात घ्या. इंग्लंडातल्या वाचकांसाठी नियम सोपे आहेत. ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न झालेल्या गाडीला वार्षिक तपासणीतून आणि रस्ताकरातून सूट मिळते. विमा मात्र ठरलेल्या किमतीचा घ्या आणि ती किंमत दर दोन-तीन वर्षांनी तपासून घ्या.

घेण्याआधी दोन-चार चांगल्या गाड्या डोळ्यांखालून घाला. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीला जा, मालकांशी बोला. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा मोठा संग्रह आहे. तिथे एकाच आवारात वेगवेगळ्या कोचबिल्डरांची कामं शेजारी शेजारी पाहता येतात. एका दिवसात डोळा तयार होतो. इंग्लंडात असाल तर ब्यूलीच्या सप्टेंबरातल्या ऑटोजंबलला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला, जुने दिवे, मुठी, खिट्या शोधायला जा.

इंजिन आणि चाल

हे थोडक्यात. मार्क सिक्सला सहा सिलिंडर, ४,२५७ सीसी, १९५१ पासून ४,५६६ सीसी. इनलेट व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट बाजूला अशी रचना. ॲल्युमिनियमच्या हेडभोवती पाणी गळतंय का पाहा. बरीच वर्षं नुसत्या नळाच्या पाण्यावर चाललेल्या गाडीचं हेड काढणं डोकेदुखी असते, कारण ते स्टडमध्ये जाम बसतं. बरीच वर्षं न उघडलेल्या इंजिनात एकदम आधुनिक डिटर्जंट ऑइल घालू नका. आतला साचलेला गाळ सुटतो आणि ऑइलच्या वाटा बुजवतो. गिअरची दांडी उजव्या हाताला, दाराजवळ असते. तिची सवय व्हायला आठवडा जातो. ब्रेकला गिअरबॉक्सवरून चालणारा सर्व्हो आहे, तो गाडी चालत असतानाच मदत करतो, त्यामुळे गाडी सावकाश सरकवताना पेडल जड लागणारच. तो दोष नाही. चॅसिसच्या सांध्यांना ऑइल पोहोचवण्यासाठी पायाने दाबायचं एक पेडल असतं, साधारण दर शंभर मैलांनी ते दाबायचं. नळ्या बुजल्यात का हे पाहायला दाबल्यावर गाडीखाली वाका. सांध्यांवर ऑइलचा ओलावा दिसायला हवा. तिथे सगळं खडखडीत कोरडं असेल तर ते चांगलं लक्षण नाही.

पेट्रोलचं मात्र गांभीर्याने घ्या. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडून चिरतात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. आग लागायला तेवढं पुरतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या लवचीक नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, पंपाचे पडदेही बदला. इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. आग विझवायचा छोटा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी हवा, डिकीत नको.

घरी आणल्यावर

ओला टप कधीही घडी घालू नका. पावसात सापडलात तर घरी येऊन टप बंद ठेवा, काचा थोड्या खाली करा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. जूनच्या आधी टप बंद करून गाडी ठेवायची, उघडा नाही. घडीत चार महिने दबलेल्या कापडावर बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. अंगाला चिकटून बसणारं प्लास्टिकचं झाकण वापरू नका, त्याखाली घाम धरतो. सुती चादर घाला, गॅरेजात हवा खेळती ठेवा, फरशीवर चाकांखाली लाकडी फळ्या द्या आणि आठवड्यातून एकदा दारं उघडून अर्धा तास ठेवा. चामडं उन्हात वाळवू नका.

दुरुस्ती करायची वेळ आली तर आधी सुतार शोधा, मग पत्रेवाला. डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या हातात गाडी गेली की खांबाची कुज पुट्टी आणि फायबरखाली झाकली जाते आणि पाच वर्षांनी दुप्पट खर्च येतो. चांगला फर्निचर सुतार, ज्याला वक्र सांधे जमतात, तो थोडं समजावून सांगितलं तर हे काम शिकतो. त्याला एकेक भाग काढू द्या, सगळी बॉडी एकदम सोडवू देऊ नका. एक खांब बदलला, दार बसवून फट पाहिली, मगच पुढचा. बाकीची बॉडी जागेवर असते तोवरच योग्य माप मिळतं. काढलेला प्रत्येक तुकडा, कितीही सडलेला असो, जपून ठेवा. त्यावर डावा-उजवा, वर-खाली, बदलल्याची तारीख लिहा, जुने स्क्रू त्याच पिशवीत बांधा आणि काढण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. नवं लाकूड त्याच नमुन्यावर बेतलं जातं. पुढे कोणी बॉडीच्या मूळपणाबद्दल विचारलं, तर खडूच्या आकड्यासकट तो तुकडा त्याच्यासमोर ठेवता येतो.